मोहीम की सहल? उत्तरेकडच्या छोट्या जहाजांची पार्श्वभूमी

राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसच्या काचेवर सध्या ‘आर्क्टिक मोहीम’ असं पोस्टर आहे. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चिखल तुडवणाऱ्या कोल्हापुरात मोहीम हा शब्द इतका स्वस्त नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपैकी स्पिट्सबर्गनला नॉर्वेहून उन्हाळी बोट 1896 मध्येच सुरू झाली होती. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर त्याच सुमारास पर्यटक लोकरी मोजे नि पक्ष्यांची अंडी विकत घ्यायचे. ऑगस्ट 1930 मध्ये उरलेल्या 36 जणांनी अर्ज करून बेट सोडलं. आता अशा जहाजांवरच्या प्रवाशांना ‘संस्कृती’ म्हणून दाखवतात ती त्यांची दगडी घरं.

आजचा धंदा मात्र 1990 नंतर फोफावला. सोव्हिएत संघ कोसळला, संशोधनाचा पैसा आटला आणि बर्फासाठी मजबूत बांधलेली जहाजं भाड्याने निघाली. शास्त्रज्ञांच्या केबिनमध्ये प्रवासी झोपू लागले. तिथे ‘मोहीम’ शोभत होतं. पुढे नाव तेच राहिलं, जहाजं मोठी होत गेली.

घोळ इथेच आहे. या धंद्यात मोहीम म्हणजे धक्का नसलेल्या किनाऱ्यावर रबरी होडीतून दहा-दहा जणांनी उतरणं. चढता-उतरताना हात नाही, मनगट धरायचं. त्याआधी बूट घासायचे आणि कपड्यांत अडकलेलं बी-बियाणं वेचून काढायचं. दिवाळीनंतर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून आलेली पँट तशीच नेलीत तर कुसळं काढण्यातच सकाळ जाईल. दोनशे जणांना अशा वीस फेऱ्या लागतात, पाचशेंना पन्नास. पन्नासाव्या फेरीला सुळेवाले वॉलरस कमी आणि बुटांचे ठसेच जास्त दिसणार.

नॉर्वेने हा घोळ आकड्याने सोडवला. 1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रात दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि तिथे उतरायला ठरलेल्या 43 जागाच आहेत. पूर्वेकडच्या राखीव भागात दोनशेची अट आधीपासून होती, ती सगळीकडे लागू झाली. ध्रुवीय अस्वलापासून 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये 500. यावर ओरड झाली ती मोठ्या जहाजांचीच नव्हे. शंभराच्या आतले जहाजवालेही म्हणाले, की मोजक्याच जागा दिल्यात तर सगळे तिथेच गर्दी करणार, तुडवलं जाणारं शेवाळ तेच राहणार. 43 जागांबद्दलचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण दोनशेच्या आकड्याला त्यातून उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे चौकशी असते ती व्हिसाची. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही आणि त्या करारात भारतही आहे. पण ओस्लोवरून जाताना शेंगेन भागातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून, बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, त्यामुळे दोन प्रवेशांचा व्हिसा हवा.

पोस्टरवर तारखा आणि हप्त्यांची सोय आहे, प्रवासी किती ते नाही. काउंटरवर विचारलं, तर पोराने फोन लावून सांगितलं, “साडेतीनशे, सर. लई मोठं जहाज हाय.”