घरी कूलंट बदललंत? आतली हवा काढलीत का?

इंजिन गार ठेवणारं कूलंट बदललं, रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी तापमानाचा काटा वर चढला. अशा गाड्या आमच्या गॅरेजात सतत येतात. वॉटर पंप गेला, या समजुतीने लोक आलेले असतात. पंप बहुतेक वेळा धडधाकट असतो. आत हवा अडकलेली असते.

घोळ झाकण लावायच्या घाईत होतो. थंड इंजिनात थर्मोस्टॅट (इंजिन आणि रेडिएटर यांच्यातला, तापल्यावर उघडणारा वॉल्व्ह) बंद असतो. रेडिएटर भरलेला दिसला तरी इंजिनातली हवा तिथेच राहते. साधारण ८२ ते ९५ अंशांना थर्मोस्टॅट उघडला की हवा वर येते, पातळी झपकन उतरते, आणि खरं भरायचं असतं ते तेव्हा. म्हणून जुनं कूलंट किती निघालं ते मोजाच. साडेपाच लिटर निघालं आणि चारच मावलं, तर दीड लिटरची जागा हवेने धरली आहे. (मोजलेलं भांडं उघडं ठेवू नका. कूलंट गोडसर लागतं, जनावरं चाटतात, आणि ते विषारी असतं.)

गाडीचं तोंड जरा चढावर ठेवा. हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद. नाहीतर फॅन एसीमुळे फिरतो आणि इंजिन तापलं असं वाटून फसगत होते. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करून सावकाश ओता. बुडबुड्यांविना सलग धार आली की आवळा. मग इंजिन सुरू करून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, पातळी उतरेल तशी भरत राहा. झाकण या वेळी उघडं ठेवायचं की लावायचं, हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा. मात्र एकदा लावलेलं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका.

इंजिन तापूनही हीटर गार हवा फेकत असेल, तर हवा अजून आत आहे. काटा मधोमध आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेन्सरभोवतीच हवा असेल तर तो चुकीचं दाखवतो.

“एवढ्याशा कामाला गाडी रात्रभर का ठेवता?” असं आम्हाला विचारतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिल्याशिवाय आम्ही चावी देत नाही. शिवाय आम्ही आधी व्हॅक्यूम लावून गळती तपासतो आणि त्याच ओढीने कूलंट आत घेतो, त्यामुळे हवेला जागाच उरत नाही. काही गाड्यांना ही पद्धत लागतेच.

बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या, इंजिन बंद करा आणि आम्हाला फोन करा. गाडी चालवत आणू नका. किती निघालं आणि किती भरलं, हे दोन आकडे तेवढे सांगा. आमची तपासणी तिथूनच सुरू होते.