वर्गणी देणारा नास्तिक : सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एखादा पोरगा घरात म्हणाला की मी देव मानत नाही, तर फार आकांडतांडव होत नाही, आई म्हणते मानू नकोस जा, पण आरतीला उभा राहा, आणि तो राहतो. गल्लीतली मंडळाची पोरं पावतीबुक घेऊन दारात आली की "गल्लीत राहतोस न्हवं, मग दे की" एवढंच, आणि तो देतो. पुण्यातल्या काही पक्क्या विवेकवादी मित्रांना हे ढोंग वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण इथला नास्तिकपणा कुठल्या वाटेनं आला ते बघितलं तर तो असाच असणार होता.

फार जुनं थोडक्यात सांगतो. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, जैनांची. जैन लोक जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, तरी देऊळ आहे, पूजा आहे, उपवास तर आपल्यापेक्षा कडक. म्हणजे कर्ता-करविता नसलेला धर्म इथं आठशे वर्षं डोळ्यासमोर आहे, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्याच्या आधी बाराव्या शतकात तिकडं कर्नाटकातल्या कल्याणला (आताचं बसवकल्याण) लिंगायतांच्या बसवण्णांनी देऊळ, पुरोहित, जात सगळ्याला नकार दिला, शिवाला मात्र नाही. पुढं त्यांच्याच नावानं मठ झाले, तो विषय वेगळा आणि नाजूक.

मराठी बाजूनं बघायचं तर सुरुवात सत्यशोधकांपासून. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतिराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, पण आमच्याकडं त्याचं वारं कोल्हापूरवरनं आलं, शाहू महाराजांच्या काळात. निपाणीला पुणं लांब, कोल्हापूर शेजारी. आणि सत्यशोधक काय नास्तिक नव्हते, ते निर्मिक, म्हणजे जग घडवणारा एक देव, मानायचे, त्यांनी लग्नातनं भटजी काढला, देव नाही काढला. आगरकर, र. धों. कर्वे ही अस्सल बुद्धिवादी माणसं, आगरकरांनी तर विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी बघितली, पण त्यांचा वाचक पुण्या-मुंबईतला शिकलेला. आमच्या शेतकऱ्याला देव आहे की नाही यापेक्षा दक्षिणा किती जाते हा प्रश्न जवळचा होता.

मग एप्रिल १९२५. निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झाली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. निपाणीतल्या जुन्या माणसांना याचा अजून अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धर्म बदलला, आणि त्यानंतर पंधरा-अठरा दिवसांत, १ नोव्हेंबरला, बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. हा योगायोगच, पण महिन्याभरातच इथल्या काही घरांतले जुने देव खाली उतरायला लागले आणि सगळ्यांचंच राज्य बदललं.

खरी लढाई मात्र यल्लम्मा देवीच्या डोंगरावर. सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच, मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडनं गाड्याच्या गाड्या येतात, भंडारा, "उदो गं आई उदो", सगळं. ज्या पोरीच्या केसात जट आली ती आईची झाली, तिला मोती बांधून देवदासी म्हणून सोडायची, आणि पुढं काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक. पोरी कुठल्या जातीच्या हे वेगळं सांगायला नको. कायदा नव्हता असं नाही, बेळगाव मुंबई प्रांतात होतं तेव्हा १९३४ चा देवदासी कायदा होता, मग कर्नाटकानं १९८२ ला स्वतःचा केला, तरी चोरून चालूच राहिलं. जट म्हणजे तेल-धूळ बसून, विंचरलं नाही म्हणून गुंतलेले केस, एवढं साधं आहे, पण ती कापायला कात्री लावायची तर बाईचे हात थरथरतात, घरातली सासू बाहेर जाऊन बसते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या बायका तास-तासभर बोलत बसून मग ती जट काढतात. त्या बाईला कुणी देव नाही असं सांगत नाही, सांगितलं तर ती उठूनच जाईल. तिला म्हणतात, आईला असं पाहिजे असेल का गं? २०१८ ला ज्यांना पद्मश्री मिळाली त्या सीतव्वा जोडट्टी याच जिल्ह्यातल्या, स्वतः देवदासी म्हणून सोडलेल्या, नंतर शेकडो बायकांना बाहेर काढणाऱ्या. माझ्या मते आमच्या भागातल्या विवेकवादाचा सगळ्यात मोठा हिशोब इथंच मांडायला पाहिजे, वादविवादात नाही.

आता वर्गणीकडं येतो. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या सीमालढ्यात डावे लोक पहिल्यापासून होते. प्रा. एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे, सीमाप्रश्नाचे खंदे नेते आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षसुद्धा होते, एकाच माणसात तिन्ही. पण बेळगावात मराठी माणूस एकत्र येतो कुठं? गणपतीच्या मंडपात, शिवजयंतीच्या चित्ररथात, गावच्या लक्ष्मी यात्रेत. साहित्य संमेलन म्हटलं तरी ग्रंथदिंडी आधी, पालखी, लेझीम, पूजन, आणि अध्यक्ष कितीही पुरोगामी असू दे नारळ फुटतोच. टिळकांनी १९०५ ला इथं सार्वजनिक गणपती सुरू करून दिला असं सांगतात, तेव्हा तो इंग्रजांविरुद्ध होता, १९५६ नंतर तोच मंडप मराठी फलक लावायची जागा झाला. दुकानाच्या पाटीवर कन्नड किती टक्के यावर भांडण चालू असताना मंडपावर मराठीत चार ओळी दिसतात हे इथल्या माणसाला केवढं वाटतं ते बाहेर कळत नाही. मग नास्तिकानं मंडळ सोडायचं तर गणपतीबरोबर मराठीपण पण सोडल्यासारखं होतं, आणि तेवढी त्याची तयारी नसते. मंगळवारची वार पाळणूक असते तेव्हा सगळं गाव शेतात जात नाही, हापण जात नाही, एकटा कुळव घेऊन जाऊन कुणाशी भांडणार.

२०१३ ला पुण्यात दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात पानसरे, ऑगस्ट २०१५ ला धारवाडात कलबुर्गी, तिघांवर गोळ्या झाडल्या. बेळगाव बरोबर मधे, एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड. यातले कलबुर्गी तर बसवण्णांच्या परंपरेतल्या वचन साहित्याचे अभ्यासक, आणि दाभोलकरांची समितीही देवाला विरोध नाही, देवाच्या नावावरच्या लुबाडणुकीला आहे असंच म्हणायची. तरी मारलं. नंतर लोक जपून बोलायला लागले, चहाच्या टपरीवरसुद्धा.

कर्नाटकचा अंधश्रद्धाविरोधी कायदा २०१७ ला झाला, २०२० ला लागू झाला. उघडपणे काही करणारे मात्र कन्नड बाजूला जास्त दिसतात, काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, कार्यकर्ते घेऊन बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात कार्यक्रम करतात, रात्री तिथंच मुक्काम. मराठी लोक बातमी वाचतात, हसतात, थोडं पटतंपण.

सप्टेंबर २०२५ ला राज्याचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण लागलं तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतनं आवाहन झालं, धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी असंच लिहा. चारी गोष्टी एका दमात. देव न मानणाऱ्या बऱ्याच जणांनी तसंच लिहिलं असणार, आकडा कमी दिसला तर उद्या मराठी शाळा आणि आरक्षण दोन्हीचं अवघड होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.