तीन फेजवर अनेक पॉवर सप्लायची जोडणी

एकाच तीन फेज स्रोताच्या आर, वाय आणि बी फेजांवर अनेक सिंगल फेज पॉवर सप्लाय वाटून जोडण्याची पद्धत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिक चटयांचे कारखाने, तसेच डाळमिल आहेत. अशा ठिकाणच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पीएलसी (यंत्रांचे नियंत्रण करणारा छोटा औद्योगिक संगणक), सेन्सर व रिले (विजेवर चालणारे स्विच) यांना २४ व्होल्ट डीसी पुरवणारे पॉवर सप्लाय संच असतात आणि ते याच पद्धतीने जोडले जातात.

दोन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट, तर फेज व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट दाब असतो. त्यामुळे २३० व्होल्टचा संच फेज व न्यूट्रल यांमध्येच जोडतात. लोड तिन्ही फेजांवर सारखा वाटतात आणि प्रत्येक संचाला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) देतात.

या जोडणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते न्यूट्रलकडे. तिन्ही फेजांवर सारखे हीटर असतील तर न्यूट्रलमधील प्रवाह जवळजवळ शून्य होतो, आणि याच अनुभवावरून पुष्कळ वायरमन न्यूट्रलला बारीक वायर वापरतात. परंतु साधा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय, म्हणजेच हे संच) दाबाच्या शिखराजवळच थोडा वेळ प्रवाह खेचतो. त्यातून उत्पन्न होणारे १५० हर्ट्झचे तिसरे हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) तिन्ही फेजांत एकाच वेळी चढते-उतरते, म्हणून ते न्यूट्रलमध्ये खोडले न जाता त्याची बेरीज होते. प्रत्येक फेजवर १० अँपिअर असताना न्यूट्रलवर ट्रू आरएमएस (विकृत लाटेचाही प्रवाह बरोबर मोजणारा) क्लॅम्प मीटर लावल्यास आकडा १७ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. पॉवर फॅक्टर सुधारणा (प्रवाह दाबाच्या लाटेप्रमाणेच खेचण्याची सोय) असलेल्या संचांत हा त्रास पुष्कळ कमी होतो. ती नसेल तर न्यूट्रल फेजपेक्षा जाड घेणेच योग्य. मे महिन्यात भुसावळ-जळगावचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि बंद पॅनेलच्या आत ते त्याहून वाढते, तेव्हा केबल व संच या दोहोंची क्षमता उतरते, हेही हिशेबात धरावे लागते.

न्यूट्रल तुटणे ही याहून गंभीर गोष्ट आहे. समजा, आर फेजवर तीन आणि वाय फेजवर एकच संच चालू असताना न्यूट्रलचा नट ढिला होऊन संपर्क गेला. मग आर फेजवरील तीन समांतर संचांचा गट आणि वाय फेजवरील एकटा संच ४१५ व्होल्टवर एका माळेत येतात. संचांना साधा रोध मानले तरी एकट्या संचावर सुमारे ३११ व्होल्ट येतात, म्हणजे आतील डीसी दाब ४४० व्होल्टपर्यंत चढतो. तेथील कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा असल्याने तो फुगतो किंवा फुटतो. म्हणून न्यूट्रलच्या तारेत वेगळा फ्यूज किंवा एकेरी स्विच घालत नाहीत, आणि टर्मिनलचे नट ठरावीक काळाने आवळून घेतात.

फेज जाणे खानदेशातील शेतकऱ्यालाही नवीन नाही. पीएलसीला वेगवेगळ्या फेजांवरील दोन संच डायोडमार्गे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामार्गे) जोडले, तर एक फेज गेला तरी नियंत्रण जिवंत राहते. आउटपुट मात्र डायोडशिवाय थेट समांतर जोडायचे असतील, तर संच त्यासाठीच बनवलेले असावे लागतात.