आयर्लंडमधील खेड्यांतल्या शाळा : पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये खेड्यातील एखादी लहान प्राथमिक शाळा बंद करण्याचा विषय निघाला की गावकरी एवढे अस्वस्थ का होतात, हे समजून घ्यायचे तर या शाळांचा खर्च आणि कारभार कोणाकडे होता, ते पाहावे लागते. 1695 च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवण्यास मनाई केली. मुलांचे शिक्षण मग गोठ्यात, झोपडीत, प्रसंगी कुंपणाच्या आडोशाला भरणाऱ्या 'हेज स्कूल'मध्ये होऊ लागले आणि मास्तरांचे पोट पालकांच्या पैशावर व शिध्यावर चाले. 1782 मध्ये ही बंदी बरीच सैल झाली, तरी असे वर्ग पुढे अनेक दशके भरत राहिले.

1831 मध्ये आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी ड्यूक ऑफ लेन्स्टर यांना लिहिलेल्या पत्रातून 'नॅशनल स्कूल' योजना आकाराला आली. सर्व पंथांच्या मुलांनी इतर विषय एकत्र शिकावेत आणि धर्मशिक्षण वेगळे द्यावे, हे तिचे सूत्र होते. धर्माचा तास चालू असताना वर्गात तशी पाटी टांगावी लागे. इमारतीच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सरकारी मंडळ उचली, उरलेली रक्कम आणि जागा मात्र स्थानिकांनी उभी करायची असे. व्यवस्थापकपद बहुतेक ठिकाणी पाद्र्याकडेच गेल्यामुळे एकत्र शिक्षणाचे सूत्र कागदावर राहिले आणि शतक संपेपर्यंत बहुतांश शाळा एकेका पंथाच्या झाल्या. आयरिश बोलणाऱ्या भागांतही शिकवणे इंग्रजीतूनच होते, हा या योजनेचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल. शिवाय 1872 पासून जवळजवळ तीन दशके शिक्षकाच्या कमाईचा एक भाग निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर ठरत असल्याने घोकंपट्टीला ऊत आला.

1922 नंतर ब्रिटिश सत्तेतून बाहेर पडलेल्या स्वतंत्र आयरिश राज्याने शाळांत आयरिश भाषा सक्तीची केली, पण इमारतींची रया फारशी पालटली नाही. हिवाळ्यात वर्गातली शेगडी पेटती ठेवण्यासाठी मुले घरून काखोटीला पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाच्या मातीचे) ढेकूळ घेऊन येत. याच मुलांनी 1937 ते 1939 या काळात आजी-आजोबांकडून ऐकलेल्या कथा, औषधोपचार आणि गावांच्या आठवणी वह्यांमध्ये उतरवल्या. सुमारे 5,000 शाळांमधून गोळा झालेला हा लोकसाहित्याचा संग्रह म्हणजे ग्रामीण शाळांनी देशाला दिलेली मोलाची ठेवच आहे.

1960 च्या दशकाच्या मध्यास निम्म्याहून अधिक प्राथमिक शाळा एक किंवा दोन शिक्षकांच्या होत्या. त्या मोठ्या शाळांमध्ये विलीन करण्याचे धोरण सरकारने आखले, तेव्हा केरी परगण्यातील डून क्वीन या गावच्या पालकांनी ते मानले नाही. 1970 मध्ये बंद केलेली त्यांची शाळा 1973 मध्ये, सरकार बदलल्यावर, पुन्हा अधिकृतपणे सुरू झाली. 1975 पासून व्यवस्थापन मंडळे आली आणि पालकांना कारभारात रीतसर स्थान मिळाले. मात्र देशातील सुमारे 90 टक्के प्राथमिक शाळांचे आश्रयदातेपद, म्हणजे शाळेचे धार्मिक वळण ठरवण्याचा आणि व्यवस्थापन मंडळ नेमण्याचा अधिकार, अजूनही कॅथलिक चर्चकडेच आहे.