हातोडा पडण्याआधी घ्यायचा नमुना

अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंटी पत्रा जोवर शाबूत आहे, तोवर त्याच्यापासून धोका फार थोडा. अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे, आणि पत्र्यात त्याचे तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. पण त्याच पत्र्यावर कटर चालवला, ड्रिलने भोक पाडलं, की सुटलेले तंतू तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. म्हणून जुन्या इमारतीत तोडफोड सुरू करण्याआधीच तपासणी व्हायला हवी. एकदा धूळ उडाली की मग तपासून फक्त काय झालं एवढंच कळतं.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण 70 मायक्रोमीटर जाड असतो. फुप्फुसात खोलवर पोचणारे तंतू 3 मायक्रोमीटरपेक्षाही बारीक असतात. लांब तंतू तिथल्या संरक्षक पेशींना गिळता येत नाहीत, त्यामुळे ते वर्षानुवर्षं रुतून बसतात. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, बहुधा 20 ते 50 वर्षांनी उघडकीस येतो. आज भिंत फोडणाऱ्या कामगाराला उद्या खोकलाही येणार नाही, आणि हीच यातली सर्वांत घातक गोष्ट आहे.

पत्रे सगळ्यांना माहीत असतात. लक्षात येत नाहीत त्या बाकीच्या जागा: जुन्या विनाइल फरशा आणि त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद, छताचा खडबडीत लेप, गरम पाण्याच्या पाइपांवरचं वेष्टण, लोखंडी तुळयांवर फवारलेला अग्निरोधक थर. शेवटचे दोन विशेष जपण्याचे, कारण ते ठिसूळ असतात आणि बोटांनीही कुस्करतात. इमारतीचं वय हा चांगला इशारा आहे. ब्रिटनने 1999 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीस अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. त्याआधीच्या बांधकामात ते असू शकतं असंच तिथे धरून चालतात. मात्र नुसतं बघून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. ‘बघितलं, काही नाही’ म्हणणाऱ्या ठेकेदारावर मी तरी विसंबणार नाही.

नमुना प्रशिक्षित माणसानेच घेतलेला बरा. आधी ती जागा पाण्याने भिजवतात, आणि त्या पाण्यात थोडा द्रव साबण घालतात. साध्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने ते तंतूंच्या जाळ्यात नीट मुरत नाही. मग सगळे थर येतील असा छोटा तुकडा काढून दुहेरी पिशवीत बंद करतात, जागेची नोंद करतात आणि भोक बुजवतात. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर इथे अजिबात नको, त्याच्या गाळणीतून हे तंतू पुन्हा खोलीत येतात.

प्रयोगशाळेतली पद्धत मला फार सुंदर वाटते. तुकड्यातले तंतू सुटे करून ठरावीक अपवर्तनांकाच्या (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा) द्रवात ठेवतात आणि ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्रकाशाच्या वाटेत दोन ध्रुवक, म्हणजे असा प्रकाश गाळून देणाऱ्या चकत्या, एकमेकांना काटकोनात ठेवले की सगळं काळं दिसतं. काचतंतूची रचना स्फटिकी नसते, म्हणून तो त्या अंधारात हरवून जातो. अ‍ॅस्बेस्टॉस स्फटिक आहे. नमुना ठेवलेला मंच फिरवताना त्याचा तंतू उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. कागदाचा तंतूही उजळतो, पण तो इतका स्वच्छ विझत नाही. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे क्रायसोटाइलचा अपवर्तनांक 1.55 च्या आसपास. तेवढ्याच अपवर्तनांकाच्या द्रवात त्याच्या कडांवर किरमिजी-निळे रंग उमटतात. तपकिरी आणि निळ्या प्रकारांसाठी वेगळे द्रव लागतात. विनाइल फरशीतले तंतू कधी कधी इतके सूक्ष्म असतात की ही पद्धत तोकडी पडते. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो. फरशीच्या अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलेलं असेल, तर तपासणी कोणत्या पद्धतीने केली हे जरूर विचारा.

आणि तो निष्कर्ष त्या तुकड्यापुरताच असतो. शेजारच्या खोलीतला गिलावा वेगळ्या वेळी केलेला असेल, तर त्याचा नमुना वेगळाच घ्यावा लागतो. उलट, अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं म्हणजे सगळं उखडायलाच हवं असंही नाही. थर शाबूत असेल आणि काम त्याला हात न लावता होण्यासारखं असेल, तर त्याला लेप देऊन किंवा झाकून, नोंद करून तसंच राहू देता येतं. त्याला हात लावणं अटळच असेल, तर ते काम नेहमीच्या गवंड्याचं नाही.