मॅप्सचं सॅटेलाइट आणि गूगल अर्थ: तारीख कुठे दिसते?

"अर्थवर बघितलं, लाईव्ह दिसतंय, प्लॉट मोकळा आहे." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा 'अर्थ' म्हणाला की मी आधी त्याचा फोन हातात घेतो. दहातल्या नऊ वेळा त्यात गूगल अर्थ, म्हणजे गूगलचं पृथ्वीचा गोल दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर, नसतंच. नेहमीचं मॅप्स असतं, त्यात सॅटेलाइटचं बटण दाबलेलं. आणि लाईव्ह तर दोन्हीतलं चित्र नसतं.

मॅप्सबद्दल काही सांगत बसत नाही, ते रोज वापरता. रस्ता, दुकान, पेट्रोलपंप, कुठे किती ट्रॅफिक, हे त्याचं काम आणि ते त्यानेच करावं. दोन्ही २००५ सालची: मॅप्स फेब्रुवारीतलं, अर्थ जूनमधलं. अर्थचा पाया मात्र गूगलचा नाही. कीहोल नावाच्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर, कंपनीच २००४ मध्ये विकत घेतली. ट्रेकर मंडळी एकमेकांना आखलेल्या वाटेची केएमएल फाईल पाठवतात, त्यातला 'के' त्या कीहोलचा.

किरकोळ फरक उरकून टाकतो. मॅप्सचा साधा नकाशा सपाट, त्यामुळे ध्रुवाकडचे देश फुगतात. ग्रीनलंड भारतापेक्षा अवाढव्य दिसतं, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. अर्थमध्ये गोलच असल्यामुळे ही भानगड नाही. अर्थमध्ये डोंगर तिरका करून बघता येतो, आखलेल्या वाटेचा चढउतार आलेखात दिसतो. मला हे फार आवडतं, पण कड्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. त्यातल्या उंचीच्या डेटात एका जागेला एकच उंची असते. त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, जो प्रत्यक्षात वाटीसारखा आत गेलाय, तो तिथे मेण वितळल्यासारखा उतार होऊन बसतो. तो उतार बघून "इथून उतरता येईल" म्हणणारा एक जण मला भेटलाय.

आता मुद्द्याचं. लोक सॅटेलाइटच्या चित्राला लाईव्ह का समजतात? माझ्या मते दोष निळ्या ठिपक्याचा. आपण चाललो की तो चालतो. रस्त्यावरची लाल-हिरवी ट्रॅफिकची रेघही खरोखर आत्ताची, कारण ती रस्त्यावरच्या फोनवरून येते. पण हे सगळं ज्या चित्रावर ठेवलंय ते चित्र दोन वर्षांपूर्वीचं असू शकतं, चारही. जुन्या फोटोवर चालू घड्याळ ठेवलं म्हणून फोटो चालू होत नाही.

खरोखरीचं ताजं चित्र हवं तर ते हवामानाच्या उपग्रहाकडे आहे. आपला इन्सॅट-३डी सुमारे ३६,००० किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाने चित्र पाठवायचा, पण त्यातला एक ठिपका म्हणजे निदान एक किलोमीटर. अख्खं गावठाण एका ठिपक्यात. अंगणातली गाडी ओळखता येईल असं चित्र घेणारे उपग्रह पाच-सातशे किलोमीटरवरून सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने निघून जातात. एका जागेवर थांबून टेहळणी करणं त्यांच्या हातात नाही.

म्हणजे प्रश्न चित्र कधीचं आहे एवढाच उरतो, आणि इथेच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मॅप्स ते सांगतच नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात © आणि त्यापुढे चालू साल असतं, ते लोक चित्राचं साल समजतात. ते कॉपीराइटचं साल आहे! पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर नवं साल छापलं म्हणून आतली गोष्ट यंदा घडली असं कोणी म्हणतं का? रस्त्यावर उभं राहून बघतो त्या स्ट्रीट व्ह्यूला महिना-साल असतं, पण ते गाडीवरच्या कॅमेऱ्याचं. वरच्या चित्राशी त्याचा संबंध नाही.

अर्थ मात्र तारीख दाखवतं. कॉम्प्युटरवरच्या अर्थ प्रोमध्ये खालच्या पट्टीत ती असते. हे प्रो एके काळी वर्षाला ३९९ डॉलर घ्यायचं, २०१५ पासून फुकट आहे, तरी लोक उतरवून घेत नाहीत याचा मला मनस्वी राग येतो. वरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की एक सरकपट्टी येते आणि त्याच जागेची जुनी चित्रं एकामागून एक उघडतात. थोडक्यात मॅप्सकडे त्या जागेचा एक फोटो आहे आणि अर्थकडे अल्बम.

माझ्या आतेभावाने पुण्याबाहेर एक प्लॉट बघितला होता. मॅप्सचा स्क्रीनशॉट पाठवला, खालच्या सालाला लाल गोल करून: "दादा, यंदाचंच आहे. क्लिअर जागा." मी प्रोमध्ये पट्टी मागे ओढली. मुरमाचे सरळ रस्ते पुसले गेले, मग चुन्याच्या रेघा गेल्या, आणि सगळ्यात जुन्या स्वच्छ चित्रात शेताच्या मधोमध बाभळींची एक नागमोडी काळपट रांग उरली. ओढा. त्याचा प्लॉट बरोबर त्या वळणावर. विकणारा म्हणाला, सातबाऱ्यावर ओढा कुठे आहे दाखवा. आतेभावाने गाव नकाशा काढला, त्यात निघाला. जुलैत जाऊन आला तर कंपाउंडच्या भिंतीला पाणी टेकलेलं.

ओढा शोधताना पाणी शोधू नका, झाडांची रांग शोधा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात, त्यामुळे चांगली चित्रं बहुतेक दिवाळी ते मे या काळातली निघतात आणि तेव्हा ओढे कोरडे असतात. पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला, १९८०च्या दशकातली जी धूसर चित्रं आहेत, ती वर्षभराची चित्रं मिसळून केलेली असतात. त्यांवर डिसेंबरअखेरची तारीख दिसली तरी ती गंभीरपणे घेऊ नका.

आणि कृपा करून बांधाची भांडणं यावर सोडवू नका. पट्टी पुढेमागे करताना एखाद्या विहिरीवर नजर ठेवा, ती दर चित्रात दोन-चार मीटर उडी मारते. विहीर हलत नाही, चित्र जमिनीवर बसवताना तेवढं इकडेतिकडे होतं. बांधाचं भांडण बहुधा त्याहून कमी रुंदीचं असतं. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

आतेभाऊ आता दुसरी जागा बघतोय, आणि आता अर्थच वापरतो. परवा स्क्रीनशॉट आला, विहीर काठोकाठ, खाली तारीख ३/५/२०२२. "दादा, मे महिन्यात एवढं पाणी! बारमाही आहे." त्याच्या कॉम्प्युटरवर महिना आधी येतो, मग दिवस. मी कळवलं, "पाच मार्च आहे रे, तेव्हा होळीसुद्धा व्हायची होती."