ऑटोमेशन आणि वर्कफ्लो: धावणारा शिपाई आणि आवक-जावकची वही

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कार्यालयांत माझे बरेचसे काम "आम्ही वर्कफ्लो बसवलाय, पण तो चालत नाही" या तक्रारीने सुरू होते. जाऊन पाहावे तर बहुतेक वेळा तिथे वर्कफ्लो बसवलेलाच नसतो. बसवलेले असते ऑटोमेशन, आणि ते बिचारे ठणठणीत चालत असते.

ऑटोमेशन वाचकांना ठाऊक असणार, म्हणून त्यावर फार शाई खर्च करत नाही. एखादी घटना घडली की ठरलेल्या पायऱ्या आपोआप पार पडतात. फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ उमटते, ग्राहकाला मेल जातो, संपले. झॅपियर, एन-एट-एन, पॉवर ऑटोमेट ही या घराण्यातली परिचित नावे. आरपीए (रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन) हा त्यांचा चुलतभाऊ, जो जुन्या सॉफ्टवेअरला आत शिरायला दुसरी वाट नसली की पडद्यावर माणसासारखी बटणे दाबतो. कॅमुंडा किंवा फ्लोएबल ही वर्कफ्लो इंजिने, म्हणजे माणसांच्या मंजुरीतून टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या कामाचा माग ठेवणारी सॉफ्टवेअरे, मात्र निराळ्या घराण्यातली आहेत. क्लाउडवर की आपल्या सर्व्हरवर, कोडिंग लागते की नाही, हे फरक विक्रेते रंगवून सांगतात. ते किरकोळ आहेत.

गोंधळ चित्रामुळे होतो, कारण दोन्हींच्या पडद्यावर चौकोन आणि बाणच दिसतात. त्यात नावांची भर पडली. मायक्रोसॉफ्टने आपले साधन २०१६ साली 'फ्लो' या नावाने आणले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव पॉवर ऑटोमेट केले. माझ्या मते नवे नाव जास्त प्रामाणिक आहे, पण लोकांच्या तोंडी 'फ्लो' बसला तो बसलाच.

खरा फरक आहे तो थांबण्यात. ऑटोमेशनची रचना काम उरकण्यासाठी असते, तर वर्कफ्लोची रचना काम अडलेले असताना ते नेमके कुठे, कोणाकडे आणि कधीपासून अडले आहे, हे लक्षात ठेवण्यासाठी असते. जुन्या कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर ऑटोमेशन म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा चपळ शिपाई, आणि वर्कफ्लो म्हणजे बारनिशीची, म्हणजे कागदांची नोंद ठेवणाऱ्या शाखेची, आवक-जावक वही. शिपाई कितीही चपळ असला, तरी "फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे?" या प्रश्नाचे उत्तर वहीतच मिळते.

भोसरीतल्या एका कारखान्याचे उदाहरण देतो. पुरवठादाराचे बिल मेलवर आले की ते फोल्डरमध्ये जाई, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएनशी (माल मिळाल्याची नोंद) ताडून पाहिले जाई आणि खरेदी व्यवस्थापकांना 'मंजूर' व 'नामंजूर' अशा दोन बटणांचा मेल जाई. मेल गेला की पहिला फ्लो संपे आणि बटण दाबले की दुसरा सुरू होई. मधल्या काळात ते बिल कोणत्याही सॉफ्टवेअरच्या लेखी अस्तित्वातच नसे. पुढे ते व्यवस्थापक नोकरी सोडून गेले, त्यांचा मेलबॉक्स मात्र कोणी बंद केला नाही, आणि बिले निमूटपणे त्यात साचत राहिली. लॉगमध्ये प्रत्येक ओळीसमोर हिरवी खूण आणि 'यशस्वी' हा शब्द होता. शेवटी पुरवठादाराचा फोन आला, तेव्हा स्टोअरवाले म्हणाले, "आम्ही जीआरएन कधीच केलाय," आणि अकाउंट्सवाले म्हणाले, "आमच्याकडे मंजुरीच आली नाही." दोघेही खरेच बोलत होते.

वर्कफ्लो इंजिनमध्ये हेच बिल एक चालू प्रकरण म्हणून डेटाबेसमध्ये बसलेले असते. मंजुरीचे काम अमुक साहेबांच्या ईमेलला चिकटवण्याऐवजी 'खरेदी विभाग' या गटाकडे सोपवता येते, म्हणजे माणूस गेला तरी काम तिथेच राहते. त्या कामाला मुदत लावता येते आणि मुदत टळली की ते वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ज्याला आपण 'दफ्तर दिरंगाईचा कायदा' म्हणतो, त्या २००५ च्या अधिनियमात सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये, असेच म्हटले आहे. कामाचे टप्पे चित्रात मांडण्याच्या बीपीएमएन या आरेखन-पद्धतीत अशा मुदतीसाठी घड्याळाचे वेगळे चिन्हच आहे.

"पण आमच्या साधनातही अप्रूव्हल आहे" असे इथे हमखास कोणीतरी म्हणते. असते, आणि दोन दिवसांच्या रजेच्या अर्जाला ते पुरते. मात्र पॉवर ऑटोमेटच्या क्लाउड फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त तीस दिवस जिवंत राहते, आणि मंजुरीची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यातच मोजला जातो. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असताना पैसे देण्याची कमाल मुदत पंचेचाळीस दिवस आणि करार नसताना पंधरा दिवस आहे. ती टळून रक्कम वर्षअखेरीस थकीत राहिली, तर प्राप्तिकर कायद्यामुळे ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. वादात अडकलेले बिल तिसाव्या दिवशी यादीतून निघून जाणे आपल्याला परवडणारे नसते.

नियम बदलले की हा फरक आणखी उघडा पडतो. पन्नास हजारांवरच्या बिलाला दुसरी सही लागेल असे आज ठरले, तर कालपासून अडकलेल्या बिलांचे काय करायचे? कॅमुंडामध्ये जे प्रकरण ज्या आवृत्तीवर सुरू झाले त्याच आवृत्तीवर पुढे चालते, आणि नव्या आवृत्तीवर हलवायचे असेल तर ते मुद्दाम हलवावे लागते. ऑटोमेशनवाले अशा वेळी 'परत चालवून बघू' म्हणतात आणि टॅलीत एकाच बिलाची दोन व्हाउचर पडतात. मला या 'परत चालवून बघू'चा मनस्वी तिटकारा आहे.

मंजुरी व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याने देण्याच्या पद्धतीबद्दल इथे बोलत नाही. तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

वर्कफ्लो इंजिन सगळ्यांनी घ्यावे, असेही मी म्हणत नाही. जिथे मध्ये माणसाचा निर्णय नाही, तिथे ते ओझेच ठरते, आणि महिन्याला वीस-पंचवीस बिले येणाऱ्या दुकानाला खरोखरची वही आणि ती नीट लिहिणारी एखादी काकू पुरेशी आहे. मोठ्या ठिकाणी कणा इंजिनचा ठेवावा आणि मेल पाठवणे, टॅलीत नोंद करणे ही धावपळ त्याच्या हाताखाली ऑटोमेशनने करावी, हीच मांडणी मी सुचवतो. डेमोच्या वेळी विक्रेत्याला एखादे बिल मंजुरीच्या टप्प्यावर अडकवून ठेवायला सांगावे, मग मंजुरी देणाऱ्याचे खातेच यादीतून काढायला लावावे, आणि ते बिल आता कोणाच्या नावावर दिसते ते पडद्यावर दाखवा म्हणावे.